ओलीस, कैदी आणि एक राहून गेलेलं उत्तर



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सूनबाईंनी महिनाभर संगणकाला हात लावू दिला नाही. त्यामुळे विषय साठले. त्यातला एक मात्र डोक्यातून जात नव्हता, म्हणून आज तोच घेतो. थोडा लांबेल, सांभाळून घ्या. (मास्तराची खोड, तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही!)

आमचा सकाळचा कट्टा तुम्हाला ठाऊकच आहे. फिरून आलो की सहा-सात निवृत्त मंडळी इथे धाराशिवात एका टपरीवर चहाला थांबतो. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. त्याआधी अतिवृष्टीनं आमच्या जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं, परंडा-भूम भागात तर होतं नव्हतं ते वाहून गेलं. त्यामुळे कट्ट्यावर सोयाबीन, पंचनामे आणि मदत यापलीकडे विषय नसायचा. पण १३ ऑक्टोबरला गाझातल्या युद्धबंदीनुसार हमासनं शेवटचे २० जिवंत ओलीस सोडले. बदल्यात इस्रायलनं मोठ्या शिक्षा झालेले सुमारे २५० कैदी आणि गाझातून धरून नेलेले सुमारे १७०० लोक सोडले. रात्री सगळ्यांनी टीव्हीवर ती दृश्यं पाहिली होती. दोन्हीकडच्या आया रडत होत्या. आवाज बंद केला असता तर कुठली आई कोणत्या बाजूची हे ओळखता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर वाद पेटला.

आमच्यातले एक निवृत्त तलाठी आहेत. ते म्हणाले, "वीस माणसांसाठी दोन हजार? हा कुठला हिशेब? उद्या ते परत दोनशे माणसं उचलतील!"

आमचे कंडक्टर मित्र तोंडाळ. ते म्हणाले, "भाऊसाहेब, त्या विसात तुमचा पोरगा असता तर? मग केला असता का हिशेब?"

"माझा पोरगा असता तरी मी हेच म्हणालो असतो."

"म्हणायला काय जातंय!"

मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही इतिहास शिकवलाय. तुम्ही सांगा, काय बरोबर?"

मी काहीच बोललो नाही. चहा निवून गेला. मंडळींना वाटलं, सरांची तब्येत बरी नाही. खरं कारण वेगळं होतं. या प्रश्नाचं उत्तर मी एकदा भर वर्गात ठणकावून दिलं होतं. पुढे एका रात्री त्याच्या बरोबर उलट उत्तर दिलं. आणि तिसऱ्या दिवशी परत पहिल्या उत्तरावर आलो. हे टपरीवर कसं सांगणार? म्हणून इथे लिहितो.

आधी शब्द नीट समजून घेऊ. युद्धकैदी म्हणजे लढताना पकडलेला सैनिक. युद्ध संपलं की त्याला घरी पाठवायचं, हा नियम आहे. १९७१ च्या युद्धानंतर आपल्याकडे पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार लोक कैदेत होते. त्यांत सैनिकांबरोबर काही नागरिकही होते. १९७२ ला सिमला करार झाला, १९७३ ला दिल्लीत आणखी एक करार झाला आणि एप्रिल १९७४ पर्यंत ते सगळे परत गेले. त्यावरही वाद झाला, अजूनही होतो. पण लढाई संपली होती, एवढं तरी नक्की होतं.

ओलीस हा शब्द मात्र आपल्याकडे जुना आहे आणि त्याचा अर्थ बदलत आला आहे. पूर्वी तह पाळला जाईल याची हमी म्हणून माणूस ठेवून घेत. १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडलं आणि तह करायला लावला. तेव्हा इंग्रजांनी फार्मर आणि स्टुअर्ट हे आपले दोन अधिकारी महादजी शिंद्यांकडे ओलीस ठेवले. पुढे इंग्रजांनी तो तह मानायचं नाकारलं. म्हणजे ज्यांना हमी म्हणून ठेवलं, त्यांचा विचार त्यांच्याच लोकांनी फारसा केला नाही. आज ओलीस म्हणजे काही मागणी मान्य करून घेण्यासाठी बळजबरीनं धरलेला माणूस, बहुधा सामान्य माणूस. १९४९ च्या जिनिव्हा करारानं असं माणसं ओलीस धरणं साफ निषिद्ध ठरवलं आहे. निषिद्ध असूनही ते चालतं.

आणि युद्धबंदी? आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना तो अर्थ शिकवावा लागत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे करार' झाला. कागदावर सगळं होतं तिथे थांबलं. गावात काय काय थांबलं नव्हतं ते आमची आई सांगायची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज नळदुर्गला आली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली, तेव्हा कुठे लोकांना सुटल्यासारखं झालं. तात्पर्य, लढाई थांबणं वेगळं आणि संपणं वेगळं. नुसती थांबलेली असताना कैदी सोडायचा म्हणजे तो उद्या परत समोर उभा राहील, ही भीती असते. वादाचं मूळ तिथे आहे.

आता आपल्याच घरातलं एक उदाहरण सांगतो. आम्ही दर दोन-तीन वर्षांनी मुलांची सहल न्यायचो. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा आणि वाटेत माचणूर. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि शेजारी मोगलांच्या काळातला किल्ला. जवळच ब्रह्मपुरी. तिथे १६९५ पासून चारेक वर्षं औरंगजेबाची मोठी छावणी होती. मुलं नदीवर पाणी उडवत असायची आणि मी त्यांना ओरडून सांगायचो, "अरे, याच छावणीबरोबर येसूबाई आणि शाहू कैदेत फिरत होते!" किती जण ऐकत होते देव जाणे.

१६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई सात वर्षांच्या शाहूला घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. १७०७ च्या सुरुवातीला औरंगजेब वारला आणि त्याच्या मुलानं, आझमशहानं, माळव्यात शाहूंना सोडलं. पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं, 'शाहूंची सुटका झाली.' पण ही सुटका काही दयाबुद्धीनं झालेली नव्हती. इकडे ताराबाई राज्य चालवत होत्या. शाहू आले की मराठ्यांत दोन तट पडतील, हा मोगलांचा डाव होता आणि तसंच झालं. त्याच वर्षी खेडला मराठे मराठ्यांशी लढले. कैदी सोडणं हेसुद्धा एक हत्यार असू शकतं, ते असं.

शाहूंना सोडताना मोगलांनी येसूबाईंना ठेवून घेतलं. शाहूंची पत्नी सावित्रीबाई आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांनाही ठेवलं. मुलानं नीट वागावं म्हणून आई ओलीस. आधीची अठरा वर्षं कैदेची आणि वर ही ओलीसपणाची बारा.

१७१८ ला बाळाजी विश्वनाथांनी सय्यद हुसेन अलीशी तह ठरवला. स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाव्यात आणि शाहूंची आई व कुटुंब परत यावं. बदल्यात मराठ्यांनी १५ हजार स्वार बादशाहीच्या मदतीला ठेवायचे आणि वर्षाला १० लाख रुपये पेशकश द्यायची. बादशहा फर्रुखसियर तह मानेना. मग मराठी फौज सय्यदांबरोबर दिल्लीला गेली. १७१९ च्या फेब्रुवारीत तिथे बादशहाला पदच्युत केलं गेलं. त्या गोंधळात दिल्लीच्या रस्त्यांवर मराठ्यांची कत्तल झाली. दीड हजारांच्या आसपास माणसं गेली, असं इतिहासकार लिहितात. त्यानंतर सनदा मिळाल्या आणि येसूबाई साताऱ्याला परत आल्या.

मी हा धडा तीसेक वर्षं शिकवला. येसूबाईंचं परत येणं सांगताना वर्गात मुलींचे डोळे भरून यायचे आणि मलाही बरं वाटायचं. त्या दीड हजारांबद्दल मी एका वाक्यापेक्षा जास्त कधी बोललो नाही. संताजी भोसले आणि बाळाजीपंत भानू ही दोन नावं सापडतात. बाकीच्यांची नावं नाहीत. कुणी आमच्या बालाघाटातले असतील, कुणी माणदेशातले. त्यांच्याही घरी कुणी तरी वाट पाहत असेलच.

आता वर्गातली गोष्ट.

१९८४ साल. मी तेव्हा कळंब तालुक्यातल्या एका गावी हायस्कूलला होतो. वय ऐन तिशीतलं, आवाज खणखणीत. सोलापूरचा पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा आणि मी तो दहावीच्या वर्गात वाचून दाखवायचो.

रवींद्र म्हात्रे हे नाव पुण्याच्या वाचकांना पुलामुळे माहीत असेल. मुठेवरचा एरंडवण्याजवळचा म्हात्रे पूल. रोज हजारो गाड्या जातात, पण म्हात्रे कोण असं विचारलं तर दहातले आठ जण खांदे उडवतील. ते आपल्या परराष्ट्र सेवेतले अधिकारी. इंग्लंडात बर्मिंगहॅम इथल्या भारतीय कचेरीत होते. शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८४ ला त्यांना पळवलं. 'काश्मीर लिबरेशन आर्मी' असं नाव सांगणाऱ्या गटाची मागणी होती दहा लाख पौंडांची आणि मकबूल भटच्या सुटकेची. भट तिहारमध्ये फाशीची वाट पाहत होता. एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल त्याला १९६८ साली शिक्षा झालेली होती. सरकारनं मागणी मानली नाही. रविवारी म्हात्र्यांचा मृतदेह सापडला. पुढच्या शनिवारी, ११ फेब्रुवारीला, भटला फाशी दिली गेली.

सोमवारी मी वर्गात गेलो तो तापलेलाच. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'राष्ट्र हे व्यक्तीपेक्षा मोठे असते.' आणि तासभर बोललो. खंडणीखोराला एकदा दिलं की तो परत येतो. सरकार झुकलं नाही हे योग्यच झालं. म्हात्रे देशासाठी हुतात्मा झाले. मुलं गप्प बसून ऐकत होती. माझं मलाच भरून आलं होतं.

शेवटी विचारलं, "काही शंका?"

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नाव लिहीत नाही. हुशार, पण फार कमी बोलायची. म्हणाली, "सर, त्यांच्या घरी कोण कोण होतं?"

मला राग आला. एवढं मी तासभर राष्ट्राबद्दल बोललो आणि ही घरचं विचारते! मी म्हणालो, "तो प्रश्न इथं येत नाही. बस खाली." पोरं हसली. ती बसली. त्या वर्षभरात तिनं परत प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

या घटनेला पंधरा वर्षं झाली आणि १९९९ चा डिसेंबर आला.

आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरला असायची. तिचा धाकटा मुलगा मित्रांबरोबर नेपाळ बघायला गेला होता. जायचं यायचं रेल्वेनं, गोरखपूरमार्गे, असं ठरलेलं. पण एका मित्राचे वडील पैसेवाले, ते म्हणाले होते की जमलं तर येताना विमानानं या, मी बघतो. त्या वेळी पोरांकडे मोबाईल नव्हते. दोन दिवस फोन आलेला नव्हता, पण काळजी करण्यासारखं काही वाटत नव्हतं.

२४ डिसेंबरच्या रात्री बातम्यांत आलं, काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ हे विमान पळवलं. अमृतसर, मग लाहोर, मग दुबईकडे. आमच्या घरचा फोन वाजला. आक्काच होती. मला आधी तिचा फक्त श्वास ऐकू आला.

"अण्णा, पोरगं त्यात तर नसंल?"

मी म्हणालो, "नाही गं आक्का, ते रेल्वेनं येणारेत." पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

"काय मागतेत रं ते?"

"अजून काही कळलं नाही."

"जे मागतील ते देऊन टाका म्हणावं. कुणाला सोडायचं त्याला सोडा. माझं पोर आणा."

आणि मी, फळ्यावर राष्ट्र मोठं म्हणून लिहिणारा, म्हणालो, "होय आक्का. द्यायलाच पाहिजे. देतील."

मागणी काय आहे हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मागणी कळायच्या आधीच मी ती मान्य करून बसलो होतो.

रात्रभर आम्ही टीव्हीसमोर. बायकोनं देवाजवळ दिवा लावला. सकाळी विमान कंदाहारला पोचल्याचं कळलं. दुबईला काही प्रवासी सोडले आणि रुपिन कत्याल नावाच्या तरुणाचा मृतदेह उतरवला, हेही कळलं. पंचविशीतला मुलगा, लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. तो आमचा नाही, हे कळल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हे लिहायला आजही लाज वाटते, पण उतरलं खरं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला लातूरहून फोन. भाचा गोरखपूरच्या एसटीडी बूथवरून बोलला होता. त्याला काही पत्ताच नव्हता! आक्का रडत होती, हसत होती. आम्ही पेढे वाटले.

आणि सोमवारी स्टाफरूममध्ये मी काय बोललो असेन? "सरकारनं झुकता कामा नये. अतिरेक्यांना सोडलं तर देशाची नाचक्की होईल." हे मी बोललो. दीडशेहून अधिक माणसं अजून त्या विमानात होती. दिल्लीत त्यांचे नातेवाईक तेच म्हणत होते जे मी शुक्रवारी रात्री म्हणालो होतो. आणि चहा पीत पीत मी म्हणालो, "हे नातेवाईक काय, भावनेच्या भरात बोलतात."

३१ डिसेंबरला मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर या तिघांना सोडलं आणि प्रवासी परत आले. सुरुवातीची मागणी ३६ जणांची होती, ती तिघांवर आणली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मसूद अझहरनं २००० साली जैश-ए-महंमद काढली. २००१ ला संसदेवर हल्ला झाला. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन होते. ती बातमी आली तेव्हा मला कंदाहार आठवलं आणि आक्काला दिलेलं माझं 'होय' आठवलं. १९९९ मध्ये त्या दोन घरांना काय कल्पना, की आपलं नाव या हिशेबात आहे म्हणून?

मग १९८४ चं उत्तर बरोबर होतं का? तसंही छातीठोक म्हणवत नाही. भटला शिक्षा देणारे न्यायमूर्ती नीलकंठ गंजू यांची १९८९ च्या नोव्हेंबरात श्रीनगरमध्ये हत्या झाली. त्याच डिसेंबरात गृहमंत्री मुफ्ती महंमद सईद यांची मुलगी पळवली गेली आणि पाच दिवसांत पाच अतिरेकी सोडून तिला आणलं गेलं. म्हणजे नाही म्हटल्यानंतरही किंमत मोजावी लागली, आणि जे सरकारी कर्मचाऱ्यासाठी झालं नाही ते मंत्र्याच्या मुलीसाठी झालं. सरकार वेगळं होतं हे खरं, पण लोकांनी तुलना केलीच. तुम्ही-आम्ही केली नसती का?

इस्रायलचंही तेच. २०११ साली गिलाद शालित या एका सैनिकासाठी त्यांनी १०२७ कैदी सोडले. त्यात याह्या सिनवार होता, तोच पुढे ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याचा सूत्रधार ठरला. त्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मेली आणि २५१ ओलीस नेली गेली. पुढच्या दोन वर्षांत गाझात मेलेल्यांचा तिथल्या आरोग्य खात्यानं दिलेला आकडा ६७ हजारांच्या वर गेला. म्हणून शालितला आणायला नको होतं, असं त्याच्या आईला कोण सांगणार? आणि सोडलेल्या कैद्यांत सगळे खुनी होते असंही नाही. खटला न चालवता डांबलेलेही त्यात होते. त्यांचे घरचे त्यांना ओलीसच म्हणत होते.

या सगळ्यात मला एका बापाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. २००० साली वीरप्पननं कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवलं, १०८ दिवस ठेवलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात तेव्हा काय वातावरण होतं ते आपण पाहिलं आहे. काही कैदी सोडून त्यांना आणायचं, अशी सरकारची तयारी झाली होती. तेव्हा एक म्हातारा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा मुलगा, शकील अहमद नावाचा फौजदार, वीरप्पनच्या टोळीनं मारला होता. तो म्हणाला, या लोकांना सोडू नका. न्यायालयानं नोव्हेंबर २००० मध्ये त्याचं म्हणणं मान्य केलं आणि सुटका अडवली. पुढे राजकुमार सुखरूप परत आले, ते नशीब.

एरवी टीव्हीवर ओलिसांचे नातेवाईक दिसतात. ते दिसलेच पाहिजेत. पण त्या कैद्यानं आधी ज्यांना मारलं त्यांचे नातेवाईकही कुठे तरी बसलेले असतात, त्यांच्याकडे कॅमेरा जात नाही. आणि जे उद्या मरणार आहेत त्यांचे नातेवाईक आज निवांत जेवत असतात, कारण त्यांना काहीच माहीत नसतं. निर्णय करणाऱ्याला या तिन्ही घरांचं बघायचं असतं. कट्ट्यावर आम्ही एकेकच घर धरून भांडत होतो. तलाठी भाऊसाहेब उद्याच्या घराबद्दल बोलत होते, कंडक्टर आजच्या. दोघंही खोटं बोलत नव्हते.

माझा दोष वेगळाच होता. १९८४ मध्ये मी फक्त उद्याचं घर पाहिलं, कारण आजचं घर बर्मिंगहॅमला होतं. १९९९ मध्ये मी फक्त आजचं पाहिलं, कारण ते लातूरला होतं. आणि भाचा सुखरूप निघाल्याबरोबर परत तत्त्व आठवलं. त्याला मी इतकी वर्षं 'विचार' म्हणत आलो.

आज मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, युद्धबंदी टिकावी म्हणून माणसं सोडावी लागत असतील तर सोडावीत, पण त्या दिवशी पेढे वाटू नयेत. आणि सोडायचं नाही असं ठरलं तर तेही ठरवावं, पण त्या दिवशी टाळ्या वाजवू नयेत. मी दोन्ही केलेलं आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. मुलानं त्याचा जुना संगणक मला दिला त्यानंतरची, म्हणजे २००६ च्या सुमाराची गोष्ट. एकदा पुण्याहून येताना रिक्षा म्हात्रे पुलावरून गेली, म्हणून घरी आल्यावर म्हात्र्यांबद्दल शोधून वाचलं. त्या शुक्रवारी ते कचेरीतून घरी निघाले होते आणि बसमधून उतरले होते. हातात केक होता. मुलीचा वाढदिवस होता.

बाई (आता तूही शिक्षिका आहेस, म्हणून बाई म्हणतो), तू विचारलं होतंस, त्यांच्या घरी कोण कोण होतं. त्यांच्या घरी त्यांची पत्नी होती आणि साधारण तुझ्याच वयाची मुलगी होती. प्रश्न तिथंच येत होता. मी तुला खाली बसवलं ते चुकलं. हा लेख तुला पाठवतो आहे, वाचून फोन कर.

कट्ट्यावर अजून हे सांगितलेलं नाही. उद्या छापून नेणार आहे, चहा मात्र भाऊसाहेबांकडून.

असो. फार लांबलं. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं कळवा, आणि काही चुकलं असेल तर कानही धरा. आक्काच्या नातवंडांनी हा लेख तिच्या फोटोसमोर एकदा वाचावा, ही विनंती.